राबताना हृदय किती रक्त उपसते?

बैलांची मोट चालत असे तेव्हा विहिरीचा उपसा सांगायला दोनच गोष्टी लागत: एका मोटेत पाणी किती येते आणि तासाभरात मोटा किती होतात. हृदयाचा हिशेबही तसाच आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे लोटते. मिनिटाला 70 ठोके धरले तर उपसा झाला जवळजवळ 5 लिटर. अंगात एकंदर रक्तही साधारण तेवढेच असते.

आता आपल्या अफजलपूर तालुक्यात ऊस तोडणाऱ्या गड्याचे पाहू. त्याची नाडी 120 भरली. 120 गुणिले 70, म्हणजे साडेआठ लिटर, असे कोणी म्हणेल; पण हा आकडा कमी पडतो. काम सुरू झाले की पायांचे स्नायू रक्त वर रेटतात, हृदय अधिक भरते आणि मोटच मोठी होते, ठोक्याला 100 ते 110 मिलिलिटर. पुढे काम वाढले तरी मोट फारशी वाढत नाही, फक्त खेपा वाढतात.

पण ही मोट बाहेरून कशी मोजावी? अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने 1870 साली युक्ती सांगितली. शरीर मिनिटाला किती प्राणवायू खर्च करते ते श्वासावरून काढावे, आणि एका फेरीत लिटरभर रक्त किती प्राणवायू देऊन परतते त्याने भागावे. विश्रांतीत 250 मिलिलिटर भागिले 50, म्हणजे 5 लिटर. जड कामात 1500 भागिले 120, म्हणजे साडेबारा. ढोबळ अंदाज हवा असेल तर विश्रांतीच्या 5 लिटरमध्ये प्राणवायूच्या दर लिटरमागे आणखी 5 लिटर मिळवावे.

याच हिशेबात आपल्या घरातील एक दुखणे सापडते. हिमोग्लोबिन 15 असेल तर लिटरभर रक्तात सुमारे 200 मिलिलिटर प्राणवायू मावतो. 8 असेल तर 105 च्या आसपास. त्यातून 75 च वापरता आला, तर त्याच कामाला साडेबाराऐवजी 20 लिटर रक्त फिरवावे लागेल. मोळी उचलताना बाईला धाप लागते ती पुष्कळदा यामुळे, आणि आपण मात्र 'वय झाले' म्हणून मोकळे होतो! टॉनिकची बाटली आणण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.

एप्रिल-मेच्या उन्हात नाडी 150 झाली म्हणून उपसा वाढला असे समजू नये. घामाने पाणी जाते, रक्त कातडीकडे वळते, मोट अर्धवट भरते आणि हृदय नुसत्या खेपा घालते. अशा वेळी सावली आणि पाणी. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर काम तिथेच टाकून दवाखाना गाठावा.

रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दबलेली असते. त्यांनी नाडीवरून हा हिशेब करू नये, आणि नाडी कमी भरते म्हणून गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.