बिअरला फेस येतो कुठून?

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट उठली आणि हौशी मंडळींच्या स्वयंपाकघरांत पिंपं आली. पिंपात आंबून तयार झालेली बिअर मात्र मिळमिळीत लागते, कारण आंबताना निघालेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. तो परत आणायचा उपाय अगदी साधा: बाटल्या भरण्याआधी थोडी साखर.

उरलेलं यीस्ट ही साखर खातं आणि तिच्या जवळपास निम्म्या वजनाचा वायू सोडतं. बूच घट्ट, त्यामुळे वायू बिअरमध्येच विरघळतो. लिटरला चार ग्रॅम साखरेतून साधारण एक लिटर वायू मिळतो. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे ०.८५ लिटर वायू आधीच असतो. अमेरिकी एल प्रकारच्या बिअरला २.४ लिटर लागतो; म्हणजे वीस लिटरला १२० ग्रॅम साखर पुरे. पारंपरिक ब्रिटिश एलला याहून बरीच कमी लागते. यातून मद्यांश वाढतो जेमतेम ०.४ टक्का, तेव्हा जास्त चढेल या आशेने कुणी मूठ सैल सोडू नये!

साखर उकळत्या पाण्यात विरघळवून सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळावी. चमच्याने बाटलीबाटलीत टाकणं मला बेभरवशाचं वाटतं. शॅम्पेनमध्ये लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात, पण तिची बाटली त्या दाबासाठीच जाड केलेली असते. बिअरची बाटली अशा दाबाला फुटते आणि काचा उडतात. पिंपात न आंबता उरलेली साखरही बाटलीत वायू सोडते, म्हणून आंबणं पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय बाटल्या भरू नका.