युग्लिना : नावातील डोळा

पावसाळा ओसरू लागला की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ या भागांत गोठ्यांलगतची डबकी हिरवी दिसू लागतात. शेणकुजीच्या अशा पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेविला असता दोन्ही टोकांस निमुळते, हिरवे, चपळ जीव पुष्कळदा दृष्टीस पडतात. हाच युग्लिना. संपूर्ण देह एकाच पेशीचा. नेहमी आढळणाऱ्या हरित युग्लिनाची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. पुढील टोकाशी असलेल्या चाबकासारख्या कशाभिकेच्या साहाय्याने तो पोहतो.

याच्या नामकरणाची हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे. म्यूलर या डॅनिश शास्त्रज्ञाच्या 1786 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा जीव ‘सर्केरिया’ या गणात घातलेला आहे. या शब्दाचे मूळ ‘शेपटी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. परंतु शेपटीवाले म्हणून परस्परांशी संबंध नसलेले अनेक जीव त्या एका नावाखाली गोळा झाले होते. (गुरामेंढ्यांच्या यकृतातील पर्णकृमीच्या एका बाल्यावस्थेस आजही सर्केरिया म्हणतात.) पुढे 1830 साली एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने या जीवांचा वेगळा गण केला. पुढील टोकाजवळचा तांबडा ठिपका त्यास डोळा वाटला. म्हणून ‘चांगला’ आणि ‘नेत्रगोल’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याने ‘युग्लिना’ हे नाव योजिले. मराठीत त्याचा भाव ‘सुनेत्रा’ या नावाने नेमका कळतो. मुलांस हा अर्थ अवश्य सांगावा. फळ्यावर मात्र युग्लिना असेच लिहावे, कारण शास्त्रीय नावाचे भाषांतर करीत नाहीत.

तो ठिपका डोळा नव्हे, हे पुढे कळून आले. प्रकाशाची जाणीव कशाभिकेच्या बुडाशी असलेल्या एका फुगीर भागास होते. तांबडा ठिपका त्यावर एका बाजूने सावली धरतो, आणि त्यामुळे उजेडाची दिशा कळते. प्रकाश टिपणारे प्रथिन कोणते, हे 2002 साली जपानी संशोधकांनी दाखविले. समजूत चुकीची ठरली तरी नाव बदलले नाही. नियमानुसार दिलेले नाव केवळ अर्थ जुळत नाही म्हणून रद्द होत नाही.

‘वनस्पती की प्राणी?’ हा प्रश्न परीक्षेत फार दिवस विचारला गेला. युग्लिना हरितद्रव्याच्या योगे स्वतःचे अन्न तयार करितो, तसेच पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही शोषून घेतो. त्यास ‘दोहोंमधील दुवा’ म्हणून मोकळे होणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. त्याच्या फार प्राचीन पूर्वजाने एक हिरवे शैवाल गिळून आत सांभाळले, त्यातून त्याची हरितलवके आली. कुळाने तो उंट-घोड्यांस ‘सर्रा’ रोग जडविणाऱ्या ट्रिपॅनोसोमाचा आप्त आहे! विद्यार्थ्याने दोन्ही लक्षणे सांगून ‘एकपेशीय सजीव’ असे लिहिल्यास पूर्ण गुण द्यावेत.

सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळेनेही एक प्रयोग करावा. हिरवे पाणी काचेच्या बरणीत घेऊन बरणीस काळा कागद गुंडाळावा व एका बाजूस बोटभर फट ठेवावी. बरणी खिडकीजवळ, पण उन्हाबाहेर ठेवावी. प्रखर उन्हापासून हे जीव दूर सरतात. काही तासांनी कागद काढावा. पाण्यात युग्लिना विपुल असेल, तर फटीच्या जागी हिरवा पट्टा जमलेला दिसतो. पाणी हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुववून घ्यावेत.