पन्नास लाखांचे कवच आणि चौदा दिवसांची अट

कोविड-१९च्या साथीत काम करताना मरण पावलेल्या अत्यावश्यक सेवकांच्या वारसांना महाराष्ट्रात सरकारी मदत मुख्यतः तीन वाटांनी मिळाली. आरोग्य सेवकांसाठी केंद्र सरकारची ५० लाख रुपयांची विमा योजना होती, साथीच्या कामावर नेमलेल्या इतर कर्मचाऱ्यांसाठी राज्य सरकारचे ५० लाखांचे सानुग्रह साहाय्य होते आणि कोविडने मृत्यू झालेल्या कोणत्याही नागरिकाच्या वारसांसाठी ५० हजारांची मदत होती. पहिल्या दोन रकमा तिसरीच्या शंभरपट आहेत. एखादे कुटुंब यांपैकी कोणत्या वाटेवर येते, हे मृताने किती धोका पत्करला यापेक्षा त्याच्या आस्थापनेवर, त्याच्या हाती असलेल्या आदेशावर आणि काही तारखांवर ठरत गेले. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरासारख्या मध्यमवर्गीय आणि कामगार वस्तीत या तिन्ही वाटांची उदाहरणे एकाच गल्लीत सापडू शकतात.

१८९७च्या कायद्याचा वारसा

साथीच्या काळात सरकारला विशेष अधिकार देणारा साथरोग अधिनियम १८९७चा आहे. मुंबई आणि पुण्यातील प्लेगच्या पार्श्वभूमीवर तो घाईने संमत झाला. त्यातील दुसऱ्या कलमात साथीसाठी होणारा खर्च, ‘भरपाई असल्यास’ तीही धरून, कोणी आणि कसा सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. भरपाई कोणाला, किती आणि कोणत्या नुकसानीबद्दल, याविषयी कायदा गप्प आहे. चौथे कलम मात्र स्पष्ट आहे : कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येत नाही. अंमलबजावणी करणाऱ्याला दाव्यापासून संरक्षण मिळाले. रुग्णाजवळ जाणाऱ्याच्या कुटुंबासाठी तरतूद झाली नाही. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

कोविडच्या काळात या कायद्यात एक महत्त्वाची भर पडली. २२ एप्रिल २०२०च्या अध्यादेशाने, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्ती कायद्याने, आरोग्य सेवकांवरील हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. हल्लेखोराने जखमीला भरपाई द्यावी आणि मालमत्तेची हानी केली असेल तर बाजारभावाच्या दुप्पट रक्कम द्यावी, अशी तरतूद झाली. ही भरपाई गुन्हेगाराने द्यायची आहे. विषाणूने केलेल्या इजेबद्दल सरकारने काय द्यावे, याचे उत्तर मूळ कायद्यात आजही नाही. त्यामुळे २०२०मध्ये जे काही दिले गेले, ते योजना, परिपत्रके आणि शासन निर्णय यांतून दिले गेले.

केंद्राचे विमा कवच

२६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यातील आरोग्य सेवकांची विमा योजना ३० मार्चपासून न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनीमार्फत लागू झाली. देशातील सुमारे २२ लाख १२ हजार आरोग्य सेवक तिच्या कक्षेत धरले गेले. मुदत सुरुवातीला ९० दिवसांची होती. ती पुढे वेळोवेळी वाढली. विम्याचा हप्ता सरकारचा होता. वयाची अट नव्हती आणि मृताचा दुसरा कोणताही विमा असला तरी ही रक्कम त्याहून वेगळी मिळणार होती.

कोविडने झालेला मृत्यू आणि कोविडच्या कामावर असताना अपघाताने झालेला मृत्यू, असे दोनच प्रसंग योजनेत बसत होते. उपचाराचा किंवा विलगीकरणाचा खर्च तिच्यात नव्हता. आशा स्वयंसेविका, कंत्राटी, रोजंदारी आणि बाह्यस्रोतांतून घेतलेले कर्मचारीही पात्र होते. खासगी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी मात्र त्यांची सेवा सरकारने कोविडच्या कामासाठी ‘अधिग्रहित’ केलेली असणे आवश्यक होते. पुढचा सर्वांत मोठा न्यायालयीन वाद याच अटीवरून झाला.

राज्याचा २९ मे २०२०चा निर्णय

साथीशी लढणारे सगळेच दवाखान्यात नव्हते. नाकाबंदीवर पोलीस आणि होमगार्ड उभे होते, घरोघरच्या सर्वेक्षणात अंगणवाडी सेविका आणि शिक्षक होते, धान्यवाटपात पुरवठा विभागाचे कर्मचारी होते. त्यांच्यासाठी राज्याच्या वित्त विभागाने २९ मे २०२० रोजी शासन निर्णय काढला. सर्वेक्षण, शोध, माग काढणे, प्रतिबंध, चाचणी, उपचार आणि मदतकार्य या कामांवर असलेल्या कर्मचाऱ्याचा कोविडने मृत्यू झाल्यास ५० लाखांचे सर्वंकष वैयक्तिक अपघात विमा कवच, आणि विम्याची व्यवस्था अंतिम होईपर्यंत तेवढ्याच रकमेचे सानुग्रह साहाय्य, असे त्याचे स्वरूप होते. कंत्राटी, रोजंदारी आणि मानसेवी कर्मचाऱ्यांचाही त्यात समावेश होता. योजनेची मुदत नंतर टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली.

निर्णयातील कळीची अट चौदा दिवसांची होती. रुग्णालयात दाखल झाल्याच्या किंवा मृत्यूच्या तारखेआधीच्या चौदा दिवसांत कर्मचारी कर्तव्यावर हजर असला पाहिजे, आणि तसा दाखला सक्षम अधिकाऱ्याने दिला पाहिजे. संसर्गाचा उगम कामाच्या ठिकाणी होता हे शोधणे अशक्यप्राय असल्याने हजेरीपटाला पुरावा मानण्यात आले. शासनाच्या दृष्टीने ही सोय होती. तिच्यात दोन अडचणी मात्र दडलेल्या होत्या. हजेरी असणे पुरेसे नव्हते, ती कोविडच्या कामाची हजेरी असावी लागे. आणि टाळेबंदीच्या धांदलीत बरीच कामे तोंडी आदेशांवर किंवा भ्रमणध्वनीवरच्या निरोपांवर चालत.

एका वस्तीतील अनेक आस्थापना

तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १५ मार्च २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. जुलैमध्ये रुग्णसंख्या इतकी वाढली की १० ते १८ जुलै या काळात शहरात पुन्हा कडकडीत टाळेबंदी करावी लागली. गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल आणि सूतगिरणी चौक आहे, पुंडलिकनगर, शिवाजीनगर अशा दाट वस्त्या आहेत आणि डॉ. हेडगेवार रुग्णालयासारखे न्यासाचे मोठे रुग्णालयही आहे. अशा भागात साथीच्या काळात बाहेर पडणाऱ्यांची यादी लांबलचक असते. घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, काम करणारी परिचारिका केंद्राच्या योजनेत येई. महापालिकेच्या आरोग्य केंद्राशी जोडलेली आशाही त्याच योजनेत येई. तिचा दाखला वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यायचा असे. पोलीस ठाण्यातील हवालदार राज्याच्या निर्णयात बसे. सर्वेक्षणाचा लेखी आदेश असलेला शिक्षक बसे, आदेश नसलेल्याचे प्रकरण अडे. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि त्याचा कंपाउंडर ‘अधिग्रहणा’च्या प्रश्नावर येऊन थांबत.

औषध दुकानातील विक्रेता, किराणा दुकानदार, दूध आणि गॅस सिलिंडर पोचवणारा हे टाळेबंदीच्या आदेशात ‘अत्यावश्यक’ होते. दुकान उघडे ठेवण्याच्या परवानगीत त्यांचे नाव होते; भरपाईच्या यादीत नव्हते. त्यांच्या वारसांना तिसरी वाट राहिली. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५च्या बाराव्या कलमाचा आधार घेऊन राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सानुग्रह मदतीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्यास सांगितले. त्यातून प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरले आणि राज्याने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यासाठी शासन निर्णय काढला. या मदतीची कसोटी सैल होती : चाचणी सकारात्मक आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोविडचा मानला जाई. कर्तव्याचा दाखला लागत नव्हता.

प्रस्तावाचा प्रवास

५० लाखांच्या प्रस्तावाला बरीच कागदपत्रे जोडावी लागत : मृत्यू प्रमाणपत्र, आरटी-पीसीआरसारख्या चाचणीचा अहवाल, रुग्णालयाचा मृत्यू सारांश, वारस असल्याचा पुरावा आणि मृत व्यक्ती कोविड रुग्णांच्या थेट संपर्कात येण्याची शक्यता असलेल्या कामावर होती असा संस्थेचा दाखला. यांतील शेवटचा कागद कुटुंबाच्या हातातला नव्हता. कार्यालयाने तो मोघम दिला, किंवा आदेशाची प्रत आस्थापना शाखेत सापडली नाही, तर प्रस्ताव ‘त्रुटीत’ निघे आणि परत येई. केंद्राच्या योजनेत ही दिरंगाई लक्षात आल्यावर जून २०२१पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर दावा मंजूर करण्याची आणि विमा कंपनीने तो ४८ तासांत निकाली काढण्याची पद्धत सुरू झाली. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती.

न्यायालयांनी काढलेली रेषा

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे नांदेड येथील एका विधवेची याचिका आली. तिचे पती हातपंप सहायक होते आणि एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. पाणीपुरवठा अत्यावश्यक सेवा आहे, म्हणून ५० लाख मिळावेत, अशी मागणी होती. न्या. रवींद्र घुगे आणि न्या. वाय. जी. खोब्रागडे यांच्या खंडपीठाने २०२३मध्ये ती फेटाळली. सर्वेक्षण, चाचणी, उपचार वगैरे कोविडच्या कामांवर प्रत्यक्ष नेमलेल्यांसाठीच ही योजना आहे, आणि करदात्यांच्या पैशातून दिली जाणारी रक्कम काटेकोरपणेच दिली पाहिजे, असा निकालाचा आशय होता. ‘अत्यावश्यक सेवा’ आणि ‘कोविड कर्तव्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने अधोरेखित केले.

दुसरा वाद नवी मुंबईतील एका खासगी डॉक्टरचा. महापालिका आयुक्तांनी ३१ मार्च २०२० रोजी नोटीस काढून दवाखाना सुरू ठेवण्यास बजावले होते. न ठेवल्यास गुन्हा दाखल होणार होता. १० जून २०२० रोजी डॉक्टरांचा कोविडने मृत्यू झाला. त्यांची सेवा विशेषत्वाने अधिग्रहित केली नव्हती, म्हणून विमा नाकारला गेला आणि ९ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही हाच अर्थ मान्य केला. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. आर. महादेवन यांनी ११ डिसेंबर २०२५ रोजी वेगळा निष्कर्ष काढला. साथरोग अधिनियम, राज्याची १४ मार्च २०२०ची नियमावली, महापालिकेचा आदेश आणि विमा योजना एकत्र वाचल्या तर डॉक्टरांच्या सेवांचे अधिग्रहण झालेलेच दिसते, प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र पत्र असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मृत्यू कोविडचे काम करतानाच ओढवला, हे विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावरच ठेवली. दार उघडले, उंबरठा तेवढाच उंच राहिला.

जुन्या कामगार कायद्यांतील वेगळी वाट

पुराव्याचे हे ओझे उलट बाजूला ठेवणारी तरतूद भारतात शंभर वर्षांपासून आहे. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३च्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्य किंवा प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजार म्हणून नोंदले आहेत. अशा कामावरील कर्मचाऱ्याला तो आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे मानले जाते. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाची निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी २०२०पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये होती. चाळीस वर्षांच्या कर्मचाऱ्याचा गुणक १८४.१७ असल्याने कमाल रक्कम १३ लाख ८१ हजार २७५ रुपये येई. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०मध्ये आता हा कायदा सामावला गेला आहे. आशा स्वयंसेविका मानधनावर असल्याने आणि कायद्याच्या भाषेत ‘कर्मचारी’ ठरत नसल्याने या वाटेवर येत नाहीत. जून २०२१मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा दरमहा एक हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. दर्जाचा प्रश्न तसाच राहिला.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची कोविड मदत योजना अधिक उदार ठरली. २४ मार्च २०२०पासून दोन वर्षांसाठी लागू झालेल्या या योजनेत मृताच्या सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखी मिळते, दरमहा किमान १,८०० रुपये. निदानाआधी किमान तीन महिने नोंदणी आणि आधीच्या वर्षात ७० दिवसांची वर्गणी एवढ्याच मुख्य अटी होत्या. संसर्ग कारखान्यात झाला की घरी, हे कोणी विचारले नाही.

वाचलेल्यांचा प्रश्न

दोन्ही ५० लाखी योजना मृत्यूपाशी सुरू होत. फुफ्फुसे कायमची दुबळी झालेला सफाई कामगार किंवा म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारात डोळा गमावलेली परिचारिका यांना त्यांतून काही मिळाले नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २३ मे २०२०पासून राज्यातील सर्व नागरिकांना खुली झाली आणि मे २०२१मध्ये म्युकरमायकोसिसचे उपचारही तिच्यात आले. त्याने उपचाराचा भार हलका झाला. गमावलेल्या कमाईची भरपाई झाली नाही. १९२३च्या कायद्यात मात्र कायमच्या अंशतः अपंगत्वासाठीही टक्केवारीने भरपाई होती.

इतर देशांनीही घाईतच निर्णय घेतले. ब्रिटनने एप्रिल २०२०मध्ये आरोग्य आणि सामाजिक सेवेतील मृतांच्या वारसांसाठी ६० हजार पौंडांची योजना आणली. अपंगत्वाचा प्रश्न तिनेही टाळला. अमेरिकेने ऑगस्ट २०२०च्या कायद्याने पोलीस, अग्निशामक यांसारख्यांसाठी असे गृहीत धरले की, कामावरच्या शेवटच्या दिवसापासून ४५ दिवसांत कोविडचे निदान झाले तर तो कर्तव्यातूनच जडला. महाराष्ट्रातल्या चौदा दिवसांच्या अटीशी तुलना केली तर फरक दिवसांच्या संख्येपेक्षा पुराव्याच्या दिशेत अधिक आहे.

पुढच्या साथीसाठी

महाराष्ट्राची ५० लाखांची रक्कम कमी नव्हती. ब्रिटनच्या योजनेच्या ती जवळपास होती. उणीव रचनेत होती, आणि ती चार दुरुस्त्यांनी भरून निघू शकते. भरपाईचा हक्क साथरोग कायद्यातच लिहावा, म्हणजे तो मुदतवाढीच्या परिपत्रकांवर लटकत राहणार नाही. ज्याला टाळेबंदीत काम करण्यास सांगितले किंवा परवानगी दिली, तो आस्थापनेचा विचार न करता पात्र धरावा, मग रक्कम धोक्याच्या प्रमाणात कमीजास्त असली तरी चालेल. ठरावीक दिवसांत आजार झाला तर तो कामातून झाला असे मानून उलट सिद्ध करण्याचे काम सरकारकडे सोपवावे. हे तत्त्व आपल्याच कामगार कायद्यात तयार आहे. आणि मृत्यूबरोबर कायमच्या अपंगत्वालाही भरपाई द्यावी. साथ चालू असताना नियम घडवले की ते माणसापेक्षा कागदाला धरून घडतात, हे २०२०ने दाखवले आहे. नियम करण्याची वेळ साथ नसतानाची असते, म्हणजे आत्ताची.