कोणती फट बुजवायची

पन्हाळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे दर नळीखाली बोटभर फट राहते. उन्हाळ्यात तिचं कुणाला काही वाटत नाही, उलट तेवढीच हवा. दिवाळी झाली की मात्र उत्तरेचं वारं याच फटींतून शिरतं आणि भिंतीलगतच्या बाजेवर झोपलेल्या म्हाताऱ्या डोक्यावर नेमकं पडतं. नांदगावात आम्ही दोघं-तिघं कार्तिकात शिडी आणि जुनं बारदान घेऊन एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी जातो, ते या फटींसाठी. बारदान तागाचंच लागतं. कांद्याच्या जाळीदार गोणीने वारा अडत नाही. चिंधीसारखा तुकडा कापायचा, गुंडाळायचा, पळीच्या दांड्याने नळीत ठासायचा आणि वरून शेण-मातीचा हात फिरवायचा. नुसतं बारदान ठेवलं तर उंदीर चार दिवसांत ओढून नेतात.

थंडीच्या बातमीत आमच्या जिल्ह्यातून नाव येतं ते निफाडचं. 2018च्या डिसेंबरअखेर तिथला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. नांदगाव त्या मानाने बरं म्हणायचं, पण सातमाळ्याच्या या अंगाची हवा कोरडी. दुपारी सदरा नकोसा होतो आणि पहाटे दात वाजतात. शिवाय बातमीतला आकडा हवामान केंद्रातला असतो, पत्र्याखालच्या खोलीतला कुणी मोजत नाही. पत्रा दिवसा झटकन तापतो तसा रात्री उघड्या आभाळाखाली झटकन निवतो. मग माणसाच्या श्वासाची आणि चुलीवरच्या पाण्याची वाफ त्याला खालून लागते आणि पहाटे गोधडीवर थेंब पडतात. एक आजी दरसाल सांगतात, "पत्रा गळतो, डांबर लाव." भर थंडीत, आभाळात ढग नसताना पत्रा गळेल कसा? त्यावर डांबराचा उपयोग नाही. पत्र्याच्या हातभर खाली जुन्या नऊवारीचं छत ताणून बांधायचं. मध्ये हवा कोंडून राहते आणि थेंब कापडात जिरतात. प्लास्टिकचा कागद लावलेल्या घरांत त्याच्या झोळात पाणी साचतं आणि एके रात्री सगळं एकदम अंगावर येतं.

जुन्या धाब्याच्या घरांना हे दुखणं नाही. लाकडी सरांवरचा मातीचा जाड थर दिवसभराची ऊब रात्री हळूहळू सोडतो. पण धाब्यावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते, आणि ती टाकायला वर चढणार कोण? धाबं थंडीला चांगलं, म्हातारपणाला वाईट. म्हणून पत्रे आले.

चढणारे हात नेमके याच दिवसांत गावात नसतात. तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या भरून जातात. उचल घेतलेली असते, गळीत हंगाम सुरू झालेला असतो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची नातवंडं. कोयते परत येईपर्यंत थंडी संपून ऊन तापायला लागलेलं असतं. म्हणजे घराला शिडी लागते तेव्हा घरात शिडी धरणारा नाही. शहरात नोकरीला गेलेल्यांच्या घरीही तीच गत. फरक इतकाच, की त्यांच्याकडून दिवाळीला एक जाड ब्लँकेट येतं आणि ते पेटीत जपून ठेवलं जातं.

खरी वादावादी होते शेगडीवरून. फटी बुजवून खाली उतरलो की आजी खूश होतात आणि म्हणतात, "आता कोळशाची शेगडी आत घेतली की झालं. दाराला पोतं लावून टाक." इथे आम्ही अडून बसतो. निखारा कोंडलेल्या खोलीत धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. माणूस झोपेतच जातो. हे आजींना या शब्दांत सांगून चालत नाही. "धूर दिसत नाही ना, मग कसली भीती?" असा बिनतोड सवाल येतो. म्हणून आता आधी फटी नीट पाहतो. उत्तरेकडच्या साऱ्या बुजवतो, दक्षिणेला वर, पत्र्याजवळच्या दोन-तीन तशाच ठेवतो आणि चुलीवरच्या झरोक्याला हातच लावत नाही. शेगडी झोपण्याआधी अंगणात गेलीच पाहिजे, हे शेजारच्या सुनेला बजावून ठेवतो. फटी बुजवायला कोणीही बुजवेल. राखायच्या कोणत्या, ते ठरवण्यातच निम्मा वेळ जातो.

मग बाज. बाजेवर झोपणाऱ्याला थंडी खालून लागते, कारण विणीतून वारं सरळ पाठीला भिडतं. तरी सगळ्या गोधड्या अंगावर, खाली एक सतरंजी! आम्ही बाजेवर आधी दोन पोती अंथरतो, त्यावर जाड वाकळ, आणि अंगावर हलकीच गोधडी ठेवतो. म्हाताऱ्या छातीला वरचं ओझंही सोसत नाही. बाज भिंतीपासून हातभर पुढे ओढतो. साखरेचा आजार असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी पायाला लावू देत नाही, कारण तळपाय बधिर असले तर भाजलेलं कळतच नाही.

पाणी तापवायच्या रॉडचं थोडक्यात सांगतो: आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बादलीला हात. आंघोळ उन्हं अंगणात आल्यावर.

राहतो दिवा. रात्री संडासला जायचं तर अंगण ओलांडावं लागतं. अंथरुणातून एकदम उठून गारठ्यात गेलं की चक्कर येते आणि अंधारात उंबरा दिसत नाही. काठी आणि शाल उशाशी, आणि अंगणात नऊ वॅटचा बल्ब, एवढंच आमचं म्हणणं. एका बाबांनी विजेच्या बिलावरून साफ नकार दिला. रात्रीचे दहा तास धरले तरी अकरा रात्रींना एक युनिट, असा हिशेब जमिनीवर कोळशाने मांडून दाखवला. बाबांनी तो दोनदा तपासला.

"लाव," ते म्हणाले. "पण चारला मी उठतोच. तेव्हा बंद करीन."