चाक जखडणारा ब्रेक

सायकलच्या ब्रेकचे काम गाडीचा वेग हळूहळू कमी करणे हे होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि बाजारात किंवा कचेरीत जाणाऱ्या सायकलीपुरती ती खरीही आहे. ‘ट्रायल’ नावाच्या खेळातील सायकलीला मात्र ती लागू पडत नाही. ह्या खेळात वेगाची शर्यत नसते. खडक, ओंडके, सिमेंटचे ठोकळे ह्यांवरून पाय जमिनीला न टेकता गाडी न्यायची, एवढेच स्वाराला साधायचे असते. त्यासाठी तो मागच्या एका चाकावर उभा राहतो, तोल सावरतो आणि तेथूनच पुढच्या खडकावर उडी घेतो. उडी घेण्यापूर्वीच्या त्या क्षणी चाक बोटभर जरी सरकले, तरी स्वार खाली येतो, आणि खाली बहुधा दगडच असतात. म्हणून ह्या सायकलीच्या ब्रेकने चाक मंदावायचे नसते, जखडायचे असते.

हा खेळ मुळात मोटारसायकलींचा. स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील पेद्रो पी ह्या नामांकित मोटारसायकलस्वाराने आपला मुलगा ओत ह्याला सरावासाठी एक छोटी सायकल तयार करून दिली, तेथून तो सायकलीवर आला. पुढे ओत पी ह्या खेळात अनेकदा जगज्जेता झाला.

भारतातल्या जुन्या काळ्या सायकलीवर सळईचा ब्रेक असतो. त्याचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, आसाच्या बाजूने दाबले जाते. ट्रायलच्या गाडीत रबरी ठोकळे रिमच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसतात आणि तिला चिमटीत धरतात. हल्ली पुष्कळ गाड्यांना चकतीचे ब्रेक आले आहेत. तरीही मागच्या चाकाला रिमचाच ब्रेक पसंत करणारे स्वार आहेत, आणि त्यामागे साधे गणित आहे. २० इंची चाकात रिम आसापासून जवळजवळ वीतभर दूर असते. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीची कड मात्र आसापासून अवघ्या ८० मिलिमीटरवर. तितक्याच ताकदीने चाक धरायचे, तर चकतीला दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो.

ह्या कामी जर्मनीतील मागुरा कंपनीचा १९८७ साली निघालेला तेलाच्या दाबाचा ब्रेक विशेष रूढ झाला. मुठीजवळची तरफ ओढली की नळीतील तेल दोन्ही दट्ट्यांना सारख्याच दाबाने पुढे लोटते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबाने आकसतो आणि तरफ स्पंजासारखी मऊ लागते. तेव्हा पिचकारीने तेल भरून हवा काढणे हे पहिले काम. तेल खनिजच हवे. मोटारीच्या ब्रेकचे द्रव भरल्यास आतली रबरी सीले फुगून निकामी होतात.

जुळवणीला हात घालण्यापूर्वी चाकाचा आऊट काढून घ्यावा. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर पुढची सारी मेहनत वाया जाते. मग ठोकळे असे बसवावेत की त्यांचा संपूर्ण पृष्ठभाग रिमवर पडेल. वर टायरला घासणार नाही की खाली रिमच्या काठाबाहेर जाणार नाही. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे हवे. एक ठोकळा आधी टेकला, तर तो रिमलाच दुसऱ्या बाजूला वाकवतो आणि पकडीचा जोर त्यातच खर्ची पडतो. एरवीच्या सायकलीत आवाज होऊ नये म्हणून ठोकळ्याचे पुढचे टोक किंचित आत वळवतात. येथे तसे करू नये. कारण ट्रायलचे चाक पुढे जितक्या जोराने फिरू पाहते, तितक्याच जोराने मागेही. ब्रेक ओरडला तर खुशाल ओरडू द्यावा. तरफ दाबल्यावर सांगाड्याच्या दांड्याच बाहेर फाकत असतील, तर त्यांना बांधणारी नालेच्या आकाराची पट्टी बसवतात.

आता पकडीचा प्रश्न. गुळगुळीत रिमवर काही स्वार डांबराचा हलका हात देतात; कोरड्यात ते उत्तम धरते, पावसात दगा देते. दुसरा उपाय म्हणजे ग्राइंडरने रिमवर तिरपे ओरखडे काढणे. ओल्यातही ही खरबरीत रिम पुष्कळ धरते. मात्र नवशिके येथेच हात सैल सोडतात. खोल ओरखडे म्हणजे अधिक पकड, हा भ्रम आहे. खोल दाते ठोकळा खातात आणि आधीच पातळ असलेली रिम आणखी पातळ करतात. हलके, सर्वत्र सारखे ओरखडे पुरतात. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये. नंतर रिम स्पिरिटने पुसून घ्यावी.

एवढे करूनही नवा ठोकळा पहिल्या दिवशी धरत नाही, कारण तो रिमला काही उंचवट्यांवरच टेकलेला असतो. त्याची वरची चकाकी काचपेपरने काढून सपाट जमिनीवर पायी चालण्याच्या गतीने गाडी चालवावी. ब्रेक आधी हलका, मग थोडा अधिक दाबावा, गाडी पुढे-मागे झुलवावी. थोड्या वेळाने ठोकळे काढून पाहावेत. घासल्याची खूण एकाच कोपऱ्यात असेल, तर ठोकळा तिरपा बसला आहे. तो सरळ करून पुन्हा आरंभ करावा. रबरात रुतलेले ॲल्युमिनियमचे कण टोच्याने वेचून टाकावेत, नाहीतर तेच रिम कुरतडू लागतात. घासल्याची खूण ठोकळाभर पसरली, की बुटक्या कट्ट्यावर मागचे चाक उभे करून पाहायला हरकत नाही. मोठ्या खडकाची पाळी त्यानंतर.