दीड हजारांची मदत, दहा हजारांचं कर्ज

अकोले गावात एसटी स्टँडजवळ माझी भेळीची गाडी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत एसटीच थांबली, मग भेळ खाणार कोण? चुरमुरे सादळले, शेव खवट झाली, ती शेवटी म्हशीपुढं टाकली.

सरकारनं काही दिलं का, असं लोक विचारतात. दिलं, पण दोन तऱ्हेनं, आणि त्यांची गल्लत फार होते. 1 जून 2020 ला केंद्रानं फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आणली. दहा हजार रुपये, तारण नाही, वर्षभरात हप्त्यांनी फेडायचे. म्हणजे कर्जच ते! वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याजाचं अनुदान खात्यात येतं, पुढं तेव्हा 20 हजार मिळायचे. निव्वळ मदत एप्रिल 2021 मधली. राज्यानं 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना प्रत्येकी दीड हजार. तेवढ्यात महिन्याचा किराणाही भरत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

खरी मेख नोंदणीत. अकोल्यात नगरपंचायत आहे, म्हणून मला कर्जासाठी शिफारसपत्र तरी मागता आलं. माझा मेहुणा भंडारदऱ्याला कणसं भाजतो. काजवे बघायला पर्यटक येतात तो हंगाम बुडाला, पावसाळाही बुडाला. पण तो ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि स्वनिधी शहरांसाठी. नुकसान त्याचंच जास्त होतं.

स्वनिधीची मुदत आता मार्च 2030 पर्यंत वाढली आहे, पहिलं कर्ज 15 हजारांचं झालंय. गाडी लावत असाल तर आधी नगरपंचायतीत नाव नोंदवा, आणि आधारला मोबाइल जोडलाय का ते बघूनच जा.