संगीत नाटकातील पात्रयोजना आणि रुपेरी पडदा

एखाद्या गाजलेल्या संगीत नाटकाचा चित्रपट झाला की रसिकांत हटकून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मूळ नाटकाचा आत्माच हरवला. दुसरा म्हणतो, निदान नव्या पिढीच्या कानांवर ती पदे पडली. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु या वादात मूळ प्रश्न सहसा बाजूलाच राहतो. तो प्रश्न पात्रयोजनेचा आहे. संगीत नाटकात भूमिका कोणाला द्यावयाची हे ठरविण्याची कसोटी एक आणि चित्रपटातील कसोटी दुसरी. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज रूपांतराविषयीचे कोणतेही मत न्याय्य ठरणार नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला. त्यापूर्वीच्या पौराणिक नाटकांत पदे गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी तो पात्रांवर सोपविला. या बदलाचा परिणाम फार दूरवर पोहोचला. ज्याला गाता येत नाही त्याला नायक होता येईना आणि ज्याचा कंठ असामान्य आहे त्याच्यासाठी वय, रूप, इतकेच नव्हे तर स्त्री-पुरुष हा भेदही प्रेक्षक विसरू लागले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि पुढे बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी व सिंधू ही या संकेताचीच फळे होत. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. त्या प्रयोगाचे आकर्षण कथानकात नव्हते. ते नाटक 1911 पासून लोकांच्या परिचयाचे होतेच. दोन कंठ समोरासमोर उभे राहणार होते, आणि ते ऐकण्यासाठीच माणसे लोटली.

या व्यवस्थेत दोषही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘वन्समोअर’च्या आग्रहापायी नाटकाची गती खुंटे; करुण प्रसंगातील पात्र तान घेता घेता आपले दुःख विसरे. संगीत नाटक म्हणजे गाण्याची बैठक अशी टीका झाली ती अगदीच निराधार नव्हती. तथापि या दोषांबरोबरच एक गुणही होता. गाणारा आणि भोगणारा एकच असल्याने, पद साधले की पात्र साधले जाई.

बोलपट आला तेव्हा हा संकेत प्रथम जसाच्या तसा पडद्यावर गेला. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ‘मानापमाना’च्या चाली ज्यांच्या, तेच हे टेंबे. त्या काळी नटानेच गावे लागे. परंतु कॅमेरा जवळ येताच रंगभूमीवरील एक सवलत संपुष्टात आली. दिव्यांच्या प्रकाशात, दहावीस हातांच्या अंतरावरून जे रूप मोहक वाटे, ते पडद्यावर चार हात उंच होऊन समोर ठाकले. 1935 च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली. 1937 च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, त्या चित्रपटाला त्यांच्या नाटकांसारखे यश लाभले नाही. याउलट रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ झाले आणि लोकांनी त्यांना तुकाराम म्हणूनच स्वीकारले. त्यांचे गाणे मैफलीचे नव्हते, भजनाचे होते; म्हणूनच कॅमेऱ्याच्या सान्निध्यात ते खरे वाटले.

1935 मध्ये कलकत्त्याच्या चित्रपटसृष्टीत पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि चेहरा व कंठ यांची कायमची फारकत झाली. या फारकतीचा बोधप्रद नमुना म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे; वसंतराव देशपांडे यांची जडणघडणही नागपूरचीच. 1967 च्या अखेरीस हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा अभिषेकींच्या चाली आणि वसंतरावांचा खाँसाहेब इतके एकजीव झाले की गायक कोठे संपतो आणि पात्र कोठे सुरू होते हे सांगणे अशक्य व्हावे. 2015 च्या सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटात पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतः गातात, तर खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि कंठ वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. एकाच चित्रपटात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. खाँसाहेबांचा मत्सर डोळ्यांतून दाखविण्याची सोय चित्रपटाने साधली. परंतु मत्सराने ग्रासलेल्या माणसाचाच गळा समोर गात आहे, हा नाटकातील थरार त्याला सोडावा लागला. काय मिळाले आणि काय गेले याचा असा हिशेब मांडणे, हेच रूपांतराच्या समीक्षेचे खरे काम होय.

बालाघाटसारख्या ठिकाणच्या मराठी अध्यापकांना या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. तेव्हापासून येथील विद्यार्थ्याला संगीत नाटक भेटते ते बहुधा छापील पुस्तकातून किंवा पडद्यावरून. त्यामुळे ही कला मुंबई-पुण्याची आणि तीही अस्तंगत झालेली, असा त्याचा ग्रह होणे स्वाभाविक आहे. पण तो ग्रह खरा नाही. बालाघाटवरून वाहणारी वैनगंगा खाली ज्या भागातून जाते, त्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आजही रात्र रात्र नाटके होतात, आणि त्यांत नटनटी प्रेक्षकांसमक्ष स्वतः गातात. त्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा संकेतही येथे परका नाही. दंडारीने तो बालगंधर्वांच्या ख्यातीवाचूनच सांभाळला आहे. या नाटकांच्या वाङ्‌मयीन गुणांविषयी मतभेद असू शकतील. परंतु गाणारा आणि भोगणारा एकच, ही किर्लोस्करांनी रुजविलेली अट त्यांनी मोडलेली नाही.

म्हणून ‘मानापमान’ किंवा ‘कट्यार’ वर्गात शिकविताना केवळ चित्रपट दाखवून थांबू नये. विद्यार्थ्यांपैकी ज्याला गाता येते त्याला एखादे पद उभे राहून, त्या प्रसंगातील संवादासह म्हणावयास लावावे. आवाज बेताचा असला तरी चालेल. भाषणातून पदाकडे वळताना पात्राच्या मनात काय घडावे लागते, हे त्याला व ऐकणाऱ्यांना तेव्हाच उमगेल. मंडईच्या रात्री मांडवात बसून विद्यार्थ्यांनी जे पाहिलेले असते, त्याचीही चर्चा वर्गात व्हावी. पडद्यावरील रूपांतर चांगले की वाईट, हे मत त्यानंतर त्यांचे त्यांना बनविता येईल.